बाई बोलली, तर पुढे काय? जनजागृती करणाऱ्या महिला गटांसाठी

बीड जिल्ह्यातल्या एका ग्रामसंघाच्या (गावातल्या बचत गटांच्या संघाच्या) अध्यक्ष ताईंनी विचारलं आहे: "आमच्या गावात बचत गट बरेच आहेत, बायका नेमाने बैठकीला येतात. दरवर्षी महिला हिंसाविरोधी पंधरवड्यात आम्ही फेरी काढतो, घोषणा देतो, फोटो पाठवतो. पण गावातली मारझोड होती तशीच आहे. यंदा २५ नोव्हेंबरला काहीतरी खरं करायचं आहे. पथनाट्य बसवावं की वकिलांचं व्याख्यान ठेवावं? आणि गावातली माणसं 'आमच्या घरात लक्ष घालू नका' म्हणाली तर काय करायचं?"

ताई, पथनाट्य बसवा, व्याख्यानही ठेवा. पण त्याच्या आधी गटाने बसून एका प्रश्नाचं उत्तर ठरवायला हवं. कार्यक्रम संपला, सतरंज्या गोळा व्हायला लागल्या आणि एखादी बाई मागे रेंगाळून हळूच म्हणाली, "माझ्या घरी पण असंच आहे," तर त्या संध्याकाळी तिच्यासाठी तुम्ही काय करणार आहात? कार्यक्रम मनाला भिडणारा झाला की बायका बोलतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलं आहे की तुमच्याकडेही होणार असं धरूनच चला. ती बोलली आणि गटाकडे तिच्यासाठी काही नसलं तर नुकसान तिचंच होतं. ही बाहेर जाऊन सांगते हे घरी कळतं, मार वाढतो, आणि आजूबाजूच्या बायका मनाशी पक्कं करतात की बोलून काही उपयोग नसतो. म्हणून आधी मदतीची सोय करा, मग जागृती.

हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. १९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या तरुण विवाहितांच्या मृत्यूनंतर स्त्रीवादी कार्यकर्त्या विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मी एक मंजुश्री' हे पोस्टर प्रदर्शन तयार केलं आणि ते गावोगाव फिरवलं. हेतू लोकांना दाखवण्याचा, विचार करायला लावण्याचा होता. पण प्रदर्शन बघायला आलेल्या बायका तिथेच उभ्या राहून स्वतःच्या घरातलं सांगू लागल्या. त्या ऐकण्यासाठी जागा हवी होती, सल्ला हवा होता, सोबत हवी होती. नारी समता मंच आणि त्यांचं 'बोलते व्हा' हे केंद्र अशा गरजेतून उभं राहिलं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, कारण बाई शेवटी पोलिसांत जाते आणि तिथेच तिचं ऐकणारं कुणी नसतं. पुढे वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सेहत संस्थेने 'दिलासा' केंद्र काढलं, कारण मार खाल्लेली बाई पोलिसांत गेली नाही तरी दवाखान्यात येतेच. मदत अशा जागी हवी, जिथे बाईचं जाणं-येणं आधीपासून आहे आणि तिथे जाण्यासाठी तिला घरात कारण सांगावं लागत नाही. तुमच्या गावात अशी जागा म्हणजे बचत गटाची बैठक, अंगणवाडी आणि उपकेंद्र. पैकी एक तर तुमच्याच हातात आहे.

आता थोडे आकडे, कारण सरपंच आणि ग्रामपंचायत सदस्य "आपल्या गावात असलं काही नाही" असं हमखास म्हणतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. चौथ्या फेरीत हे प्रमाण २१.३ टक्के होतं. दहा-बारा जणींच्या गटात दोन-तीन जणी, असा हिशेब होतो. आणि या फक्त सांगणाऱ्या. देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती आणि कुणाला सांगितलंही नव्हतं.

या शेवटच्या आकड्यापाशी मी नेहमी थांबते. मार खाणाऱ्या बाईला मारणं वाईट असतं हे आपण जाऊन सांगायची गरज नाही, वळ तिच्या अंगावर आहेत. तिला माहीत नसतं ते एवढंच, की तोंड उघडलं तर गावातलं कोण तिच्या बाजूने उभं राहील. आणि गावाला माहीत नसतं की मध्ये पडता येतं, कायद्याने पडता येतं, पडलं तर आपल्यावर काही येत नाही. जागृती करायची आहे ती या दोन गोष्टींची. 'नवरा-बायकोचं भांडण, मध्ये कोण पडणार' हे वाक्य गावातून जायला हवं. तुमचं सगळं पथनाट्य या एका वाक्याभोवती बसवलं तरी चालेल.

तयारीबद्दल बोलते. ग्रामसंघातल्या चार-पाच जणींचा एक छोटा गट निवडा, ज्या यात पुढे राहतील. निवडताना भावकी बघा. सगळ्या एकाच भावकीतल्या किंवा एकाच गल्लीतल्या असल्या तर त्या घरांतली बाई तुमच्याकडे येणार नाही, आणि दलित वस्तीतली, पारधी वस्तीतली, तांड्यावरची तर नाहीच नाही. प्रत्येक वस्तीतली एक तरी हवी. जमलं तर आशाताईंना घ्या, कारण त्या प्रत्येक घरात जातात आणि त्यांच्या जाण्याचा कुणाला संशय येत नाही. मात्र त्यांच्यावर आधीच कामाचं ओझं आहे, तेव्हा त्यांच्याकडून माहिती आणि ओळख घ्या, धावपळ गटाने करावी.

मग या चार-पाच जणींनी तालुक्याला एक चक्कर मारायची, कुठलंही प्रकरण हातात नसताना. हे फार महत्त्वाचं आहे. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाला विचारून तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी, म्हणजे घरातल्या हिंसेच्या तक्रारी घेणारे सरकारी अधिकारी, कोण ते शोधा, त्यांना भेटा, मोबाईल नंबर घ्या. तालुका न्यायालयाच्या आवारात विधी सेवा समिती असते. बाईचं उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळण्याचा हक्क विधी सेवा प्राधिकरण कायद्याने दिला आहे, तेव्हा अर्ज कुणाकडे द्यायचा ते विचारून घ्या. पोलीस ठाण्यात महिला कर्मचारी कोण, समुपदेशन केंद्र आहे का, जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर (हिंसा सोसलेल्या बायकांना एकाच जागी मदत देणारं सरकारी केंद्र) कुठे आहे, रात्री-अपरात्री तिथे राहायची सोय होते का, हे सगळं स्वतः बघून या. पहिल्यांदा ठाण्यात जाताना सोबत रडणारी बाई असेल तर तुमचेच पाय लटपटतात. आधी एकदा जाऊन आलेल्या बायका वेगळ्या बोलतात. फोन नंबर पाठ असावेत: तातडीला ११२, महिला हेल्पलाइन १८१, अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८, कायदेशीर मदतीसाठी १५१००.

आणि ऐकायचं कसं, याचा सराव करा. खरंच सराव, बैठकीत दोघींनी समोरासमोर बसून. आपल्या बायकांच्या तोंडी पहिलं वाक्य काय येतं? "तू काय बोलली होतीस?" किंवा "दारू प्यायला होता का?" किंवा "लेकरांकडे बघून सोस." यातलं एकही वाक्य आलं की ती बाई मिटते. त्याऐवजी "बरं झालं सांगितलंस, तुझी चूक नाही," एवढं म्हणा आणि गप्प बसा. ती थांबत थांबत सांगेल, मागचं पुढे करेल, सांगता सांगता मध्येच नवऱ्याची बाजू घेईल. घेऊ द्या. मग हळू विचारायचं: आता घरी गेलीस तर भीती आहे का? त्याने कधी गळा आवळला आहे का? रॉकेल, कोयता, विळा दाखवला आहे का? जिवे मारीन म्हणतो का? तुझ्या मनात स्वतःचं बरंवाईट करायचं येतं का? हल्ली वाढलंय का? यातल्या कशालाही 'हो' आलं, आणि खास करून गळा आवळल्याचं आलं, तर ते प्रकरण 'बघू पुढच्या बैठकीत' असं ठेवायचं नाही. त्याच दिवशी तिला सुरक्षित ठिकाणी न्यायचं आणि संरक्षण अधिकारी किंवा पोलिसांशी बोलायचं. बाई घर सोडते तेव्हा आणि सोडल्यानंतरचे काही आठवडे सगळ्यांत धोक्याचे असतात, म्हणून "निघ तिथून" असा सल्ला घाईने देऊ नका. कधी निघायचं हे तिने ठरवावं, आपण तयारी करून द्यावी.

तयारी म्हणजे काय तर एक पिशवी. आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स, बँकेचं पासबुक, मुलांचे शाळेचे आणि जन्माचे दाखले, लग्नाचा एखादा फोटो, थोडे पैसे, रोजच्या गोळ्या. ही पिशवी तिच्या घरात ठेवायची नाही. गटातल्या अशा एकीकडे ठेवायची, जिचं घर त्या घराच्या रस्त्यावर नाही. आणि दवाखान्यात गेली तर डॉक्टरांना "पडले" सांगू नकोस, ज्याने मारलं त्याचं नाव केसपेपरवर येऊ दे, हे तिला नीट समजावून ठेवा. एक वर्षाने न्यायालयात तोच कागद तिच्या बाजूने बोलतो. ती पोलिसांत गेली आणि नुसती 'एनसी', म्हणजे अदखलपात्र नोंद, घेऊन परत पाठवलं तरी त्या एनसीची प्रत मागून घ्या. तिचाही पुढे उपयोग होतो.

मुलगी अठरा वर्षांखालची असेल आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर नियम वेगळा आहे. पॉक्सो कायद्याने, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. म्हणून अशा मुलीला "कुणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका. "मी तुझ्यासोबत येईन," हा शब्द द्या आणि पाळा.

वकिलांच्या व्याख्यानाबद्दल विचारलंत. व्याख्यानात कलमांचा पाऊस पडतो आणि बायका पेंगतात. वकिलांना आधीच भेटून सांगा की चारच गोष्टी सांगा, पण उदाहरणं देऊन सांगा. पहिली: कौटुंबिक हिंसाचार कायदा (२००५चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू) फक्त मारहाणीपुरता नाही. शिवीगाळ, संशय, पैसे न देणं, मजुरी काढून घेणं, इच्छेविरुद्ध शरीरसंबंध, घराबाहेर काढणं हे सगळं त्यात हिंसाच आहे, आणि बायकोच नव्हे तर आई, बहीण, विधवा सून यांनाही तो लागू आहे. दुसरी: घर कुणाच्याही नावावर असो, ती नांदते आहे त्या घरातून तिला कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढता येत नाही, सासऱ्यांच्या नावावरच्या घरातही हा हक्क मिळू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. तिसरी: या कायद्यात आधी आदेश मिळतो, तुरुंग नाही. आपल्या बहुतेक बायकांना हेच हवं असतं. "त्याला आत टाकायचं नाही, मारणं थांबलं पाहिजे आणि पोरांच्या खर्चाचं बघितलं पाहिजे." संरक्षणाचा आदेश, घरात राहण्याचा आदेश, खावटी, मुलांचा ताबा, हे सगळं एका अर्जात मागता येतं. संरक्षणाचा आदेश मोडला की मग तो गुन्हा होतो, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. अर्ज ६० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, हे बाईला आधीच खरं सांगा, म्हणजे तिसऱ्या तारखेला ती खचणार नाही. अंतरिम आदेश लवकर मागता येतो, तो मागायचाच. (वकिलांनी ४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाचं जुनं कलम, सांगितलं तर त्याचं आता भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ झालं आहे, हेही सांगायला लावा. पोलीस ठाण्यात नव्या नंबराने बोललं की समोरचा नीट ऐकतो.)

चौथी गोष्ट गावासाठी आहे आणि ती व्याख्यानात दोनदा सांगायला लावा. या कायद्याचं कलम ४ म्हणतं की हिंसा झाली आहे, होते आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटणारी कुणीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कुठलीही जबाबदारी येत नाही. शेजारीण कळवू शकते, अंगणवाडी सेविका कळवू शकते, किराणा दुकानदार कळवू शकतो. तुमच्या फलकावर 'बेटी बचाओ'च्या शेजारी हे एक वाक्य सोप्या मराठीत लिहून टाका. गावात ते जितक्या वेळा वाचलं जाईल तितकी मध्ये पडणाऱ्यांची भीड मोडेल.

मध्ये पडायचं म्हणजे भांडायला जायचं नाही. एका वस्तीवरच्या बायकांनी लावून घेतलेली रीत मला फार आवडते. आरडाओरडा कानावर आला की जवळच्या घरातल्या दोघी उठतात, दार वाजवतात आणि काहीतरी मागतात. विरजण आहे का? चार्जर आहे का? उद्या गिरणी चालू आहे का? भांडणाचं नाव काढत नाहीत. दार उघडावं लागतं, उगारलेला हात खाली येतो, बाईला तेवढ्यात आत-बाहेर व्हायला वाट मिळते. लगेच निघायचं नाही, उंबऱ्यात उभं राहून दोन गोष्टी बोलत राहायचं. दुसऱ्या दिवशी पाण्याला किंवा शेताला जाताना त्या बाईची एकटीची गाठ घ्यायची. पण एकटीने कधीही जायचं नाही. घरात हत्यार आहे किंवा माणूस पिऊन बेभान आहे असं वाटलं तर दार वाजवायचं नाही, ११२ लावायचा आणि भावकीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या पुरुषाला सोबत घ्यायचं. 'ब्रेकथ्रू' संस्थेची २००८ मधली 'बेल बजाओ' मोहीम याच विचारावर उभी होती, आणि तिने हाक पुरुषांना दिली होती, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

आता एक नाजूक विषय. गावात प्रकरण आलं की ते तंटामुक्त समितीकडे किंवा चार प्रतिष्ठितांकडे न्यायची पद्धत आहे. तंटामुक्ती मोहीम २००७ मध्ये सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे तंटे मिटवायला तिचा उपयोग झाला असेल. पण मारहाण हा तंटा नाही. तिथे काय होतं ते तुम्हीही पाहिलं असेल: दोघांना समोरासमोर बसवतात, बाईला सगळ्यांच्या देखत बोलायला लावतात, नवऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर 'पुन्हा असं करणार नाही' लिहून घेतात आणि तिला नांदायला परत पाठवतात. त्या कागदाने त्याला कुणी अडवू शकत नाही. आणि ज्या माणसाच्या भीतीने ती गप्प आहे, त्याच्या शेजारी बसून ती खरं बोलेल तरी कशी? गटाने एक गोष्ट ठरवून टाकावी: दोघांना एकत्र बसवून समेट घडवणं हे आपलं काम नाही. बाईला नांदायचंच असेल, आणि अनेकींना नांदायचंच असतं, तर तिची बाजू घेऊन नवऱ्याशी वेगळं बोलता येतं, पण संरक्षण अधिकाऱ्यांकडे नोंद करून मगच. ही नोंद म्हणजे कौटुंबिक घटना अहवाल, त्याला सगळे डीआयआर म्हणतात. तो एकदा झाला की बोलण्याला वजन येतं.

तुमच्या तारखेबद्दल मला सगळ्यांत जास्त काळजी आहे. २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर हे सोळा दिवस जगभर पाळतात; डॉमिनिकन प्रजासत्ताकात १९६० साली त्या दिवशी मारल्या गेलेल्या मिराबल भगिनींची ती आठवण आहे. तारीख चांगलीच आहे. पण तुमच्या तालुक्यात त्या दिवशी गावात असतं कोण? कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांना गेलेली असतात. ज्या बायकांना सगळ्यांत जास्त गरज आहे, त्या पहाटे फडात मोळ्या बांधत असतात आणि पाचटाच्या कोपीत राहत असतात, आणि गावात तुम्ही म्हातारी माणसं आणि शाळेच्या पोरींसमोर फेरी काढता. तेव्हा मुख्य कार्यक्रम ऊसतोड सुरू होण्याआधी घ्या, गौरी-गणपतीपासून दसऱ्यापर्यंतच्या काळात. जाणाऱ्या प्रत्येक बाईच्या मोबाईलमध्ये गटातल्या एकीचा नंबर 'मावशी' किंवा 'वहिनी' म्हणून टाकून द्या. दर आठ दिवसांनी एकदा फोन, ठरलेल्या वेळी. फडात मुकादमाकडून, ट्रॅक्टरवाल्याकडून त्रास होतो तेव्हा नवऱ्याला सांगायची सोय नसते, कारण उचल, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, अंगावर असते. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३चा कायदा असंघटित कामगार बायकांनाही लागू आहे आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या पातळीवर त्यासाठी स्थानिक समिती असते, हे त्यांच्यापर्यंत फारसं पोहोचत नाही. तुम्ही पोहोचवा.

आणि २५ नोव्हेंबरच्या दिवसांत गावात राहिलेल्या मुलींचं बघा. आई-बाप तोडणीला, घरी आजी, आणि वयात आलेली मुलगी. त्या काळजीपोटी, आणि जोडीने गेलं की कोयता होतो म्हणूनही, लग्नं लवकर लावली जातात. महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालं होतं, हे त्याच पाचव्या सर्वेक्षणात आहे. बालविवाह ही हिंसेची सुरुवातच असते, कारण पंधरा-सोळाची पोर मोठ्या माणसाला 'नको' म्हणू शकत नाही. गावात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामसेवक असतात. सुपारी फुटायच्या आधी त्यांना लेखी कळवा, मांडव पडल्यावर नाही. त्या सोळा दिवसांत मुलींसोबत गावातून एक चक्कर मारा आणि कुठे भीती वाटते ते त्यांनाच दाखवू द्या: एसटीचा थांबा, शाळेच्या वाटेवरचा पूल, बंद पडलेला खांब्यावरचा दिवा, टपरीसमोरची जागा. ती यादी महिला ग्रामसभेत मांडा. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेणं ग्रामपंचायत कायद्यातच आहे; कागदावर उरकू देऊ नका, ठराव इतिवृत्तात लिहून घ्या आणि खाली सह्या बघा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला १० टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी असतो, तो कशावर खर्च झाला हेही त्याच सभेत विचारा.

पुरुषांना बाजूला ठेवून हे होणार नाही. मात्र फेरीत पुढे चालायला आणि भाषण करायला त्यांना बोलावू नका. भजनी मंडळात, गणेश मंडळाच्या पोरांत, तालमीत, पारावर, जिथे ते आपापसांत बोलतात तिथे एखादा समजूतदार माणूस बोलता करा. मुंबईत १९९३ पासून 'मावा' ही पुरुषांची संघटना हे काम करते, आणि त्यांचा भर कॉलेजातल्या मुलांवर आहे, कारण लग्नाआधीच्या वयात ऐकून घेण्याची तयारी असते. युगांडात कंपालाच्या वस्त्यांमध्ये 'सासा' नावाचा उपक्रम झाला, त्यातही बाहेरचे वक्ते नव्हते. वस्तीतलेच साधे स्त्री-पुरुष, जवळपास तीन वर्षं, दुकानात, नळावर, घराच्या पायरीवर बोलत राहिले. अभ्यासात त्या वस्त्यांतली नवऱ्याकडून होणारी मारहाण, उपक्रम न झालेल्या वस्त्यांच्या तुलनेत जवळपास निम्मी आढळली. एका दिवसाच्या फेरीने असं कुठे झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

"आमच्या घरात लक्ष घालू नका" असं म्हणणारे भेटतीलच. त्यांच्याशी वाद घालू नका, कलम ४ची ओळ वाचून दाखवा आणि पुढे चला. खरा दबाव वेगळ्या वाटेने येतो: गटातल्या बाईच्या नवऱ्याला पारावर टोमणे, कर्जाच्या हप्त्यावरून कुरबुर, "ही घरं मोडणारी" अशी कुजबुज. म्हणून कुठल्याही प्रकरणात एकीचं नाव पुढे येऊ देऊ नका. जायचं तर दोघी-तिघींनी, पत्र द्यायचं तर ग्रामसंघाच्या शिक्क्याने. आणि ज्या बाईचं प्रकरण आहे तिचं नाव, फोटो, गल्ली यातलं काहीही गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकायचं नाही, कौतुकानेसुद्धा नाही. बलात्काराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं हा गुन्हाच आहे, पण साध्या मारहाणीतही तीच शिस्त पाळा. फोटो वर पाठवायचे असतील तर फलकाचे पाठवा.

एक काम वर्षभर चालू ठेवता येईल आणि त्याला विरोधही कमी होतो: घर बाईच्याही नावावर करणं. प्रदीप पांडा आणि बीना अगरवाल यांनी केरळात केलेल्या अभ्यासात, ज्यांच्या नावावर घर नाही आणि जमीनही नाही अशा बायकांपैकी ४९ टक्के जणींनी शारीरिक हिंसा सोसली होती. दोन्ही नावावर असलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होतं. निघून जायला स्वतःची जागा आहे, हे दोघांनाही माहीत असलं की हात उचलताना विचार होतो. १९९०च्या आसपास शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'त गावंच्या गावं बायकांच्या नावे जमिनी करायला पुढे आली होती, म्हणजे आपल्याकडे हे नवीन नाही. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ला, म्हणजे घरांच्या नोंदवहीत, नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावून घेण्याचे अर्ज एकत्र भरून द्या. गटाने पन्नास अर्ज एकदम दिले की एकट्या बाईवर "तुला कशाला नाव पाहिजे" हा प्रश्न येत नाही.

शेवटी एक वही ठेवा, कुलपात, नावं न लिहिता, नंबर टाकून. कोण कधी आली, काय हवं होतं, कुठे नेलं, पुढे काय झालं. आम्ही किती फेऱ्या काढल्या हे त्यात लिहू नका. पहिल्या वर्षी येणाऱ्यांचा आकडा वाढेल आणि कुणीतरी म्हणेल की तुमच्यामुळे गावात भांडणं वाढली. घाबरू नका, झाकलेलं वर येतं तेव्हा असंच दिसतं. बघायचं ते हे, की बाई तुमच्याकडे येते ती किती वर्षं सोसल्यावर येते. आता दहा-बारा वर्षांनी येत असेल आणि पुढच्या दोन वर्षांत लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षीच येऊ लागली, तर काम लागू पडतंय. पहिली बैठक या महिन्यातच घ्या आणि संरक्षण अधिकाऱ्यांना भेटायचा वार त्याच बैठकीत ठरवा.